हँग होतो, पण केव्हा?

कॉम्प्युटर साफ बंद पडला तर दुरुस्तीवाल्याला फारशी चिंता नसते. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या कुठल्याही दुकानात ‘चालूच होत नाही’ म्हणत कॅबिनेट उचलून आणलेल्या गिऱ्हाइकाला बसायला सांगतात आणि समोरच काम सुरू होतं. दुसरा एसएमपीएस लावून बघायचा, रॅम काढून पुसून परत बसवायची, बटणाच्या वायरी तपासायच्या. तासाभरात निकाल लागतो. दुकानदाराच्या कपाळावर आठी येते ती दुसऱ्या तक्रारीनं. ‘नवा आहे, सगळं चालतंय, पण मधूनच हँग होतोय.’ केव्हा? ‘तसं काही सांगता येत नाही.’ मग ते यंत्र दुकानात दिवसभर चालू ठेवतात. ते एकदाही अडत नाही. घरी नेलं की त्याच रात्री पडदा थिजतो, माऊस जागच्या जागी थांबतो आणि बटण दाबून धरण्याशिवाय हाती काही राहत नाही.

ही तक्रार घरी जोडलेल्या यंत्राला जास्त छळते, आणि त्याला कारण आहे. कंपनीचा तयार कॉम्प्युटर घेतला तर बिघाड कुठलाही असो, दार एकच ठोठावायचं असतं. स्वतः जोडलेल्या यंत्रात प्रोसेसरची हमी एकाची, मदरबोर्डची दुसऱ्याची, रॅमची तिसऱ्याची. प्रत्येक जण आपापल्या वस्तूपुरता बांधील. दोन वस्तूंच्या मध्ये जे घडतं त्याची हमी कोणीच देत नाही, आणि कधी तरी हँग होणाऱ्या नव्या यंत्राचा दोष पुष्कळदा नेमका तिथेच असतो. एकेक भाग सुटा तपासून तो सापडत नाही. तो कोणत्या परिस्थितीत प्रकट होतो हे शोधावं लागतं. हवा तेव्हा तो घडवता आला आणि हवा तेव्हा थांबवता आला, तरच तो सापडला असं मी मानतो. त्याआधीची सगळी दुरुस्ती अंदाजावर चाललेली असते.

कोल्हापुरात यंत्र जोडणाऱ्याला मान आहे. परदेशी कॅमेऱ्याचं तंत्र समजून घेऊन बाबूराव पेंटर यांनी आपले सहकारी दामले यांच्या मदतीनं १९१८ साली इथे स्वतःचा सिनेकॅमेरा घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. शिवाजी उद्यमनगरातल्या कारखान्यांनी ऑइल इंजिनं आणि त्यांचे सुटे भाग घडवले, आणि ओतकाम हा या जिल्ह्याचा मोठा धंदा झाला. इंजिन अडखळतंय म्हटल्यावर गार असताना की तापल्यावर, मोकळं फिरताना की भार घेतल्यावर, हे विचारल्याशिवाय तिथला जुना मेस्त्री पाना उचलत नाही. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र हा प्रश्न विचारण्याआधीच ‘फॉरमॅट मारू’ असं ठरून जातं. त्याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण त्यात माणसाची कामं, फोटो, रात्री जागून केलेली ड्रॉइंग पुसली जातात आणि बिघाड आहे तिथेच राहतो.

माझा भाचा मेकॅनिकल इंजिनिअर आहे. फौंड्रीवाल्यांना कास्टिंगची त्रिमिती ड्रॉइंग करून देतो. त्यासाठी त्यानं पावसाळ्याच्या तोंडावर नवं यंत्र जोडलं. ‘रायझन’चा ७००० मालिकेतला प्रोसेसर, डीडीआर ५ रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड, सगळा माल कोरा. पहिले काही दिवस उत्तम गेले. मग मोठ्या असेंब्लीचं काम आलं, रॅम कमी पडू लागली, म्हणून त्यानं आधीच्या दोन स्टिकांच्या जोडीला तशाच आणखी दोन घातल्या. हँग सुरू झाला तो त्यानंतर, पण लगेच नाही, म्हणून त्या दोन गोष्टींचा संबंध कोणाच्या डोक्यात आला नाही. कधी चार दिवस काही नाही, कधी एका दुपारी दोनदा. नेहमीप्रमाणे दुकानात नेऊन विंडोज नव्यानं टाकून झालं, तिथे यंत्र एकदाही अडलं नाही. मग ग्राफिक्स कार्ड बदलून घ्यावं असा सल्ला आला, तेव्हा आम्ही शाहूपुरीतल्या एका दुरुस्तीकारांकडे गेलो. रेडिओ आणि टीव्हीपासून सुरुवात केलेला माणूस. आमचं ऐकून घेतल्यावर त्यांनी कॅबिनेट उघडलंच नाही.

‘‘हँग झाल्यावर कॅप्स लॉक दाबून बघितलास काय? दिवा लागतोय, विझतोय?’’

‘‘नाही बघितलं, काका.’’

‘‘गाणं लावलेलं असलं तर ते चालू राहतंय, का घरघरतंय?’’

‘‘घरघर येते. एकच सूर अडकल्यागत.’’

‘‘मग आधी ते लिहून काढ. तारीख, वेळ, काय काम चाललं हुतं, दिवा, आवाज. वही घाल एक. तोवर एकपण पार्ट घेऊ नकोस.’’

त्या प्रश्नांमागे पक्कं शास्त्र आहे. कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवा कीबोर्ड स्वतः लावत नाही. कळ दाबल्याची खबर प्रोसेसरकडे जाते, कार्यप्रणाली ती वाचते आणि दिवा लाव म्हणून उलट सांगते. पडदा थिजलेला असताना दिवा लागत-विझत असेल तर यंत्राचा मेंदू जागा आहे, फक्त चित्र अडकलं आहे. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या कळा एकत्र दाबल्या की ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो, आणि पडदा हलला तर संशयाचं वर्तुळ एकदम लहान होतं. दिवा ढिम्म राहिला आणि स्पीकर एकच तुकडा घोळवत बसला, तर प्रोसेसर, रॅम किंवा त्यांच्यातली वाट थांबली आहे. आपोआप रीस्टार्ट होणं वेगळं, निळा पडदा येणं वेगळं, धाडकन बंद होणं वेगळं. दुकानात या चारही गोष्टींना ‘हँग’ म्हणतात, आणि अर्धा गोंधळ तिथेच होतो.

निळा पडदा आला तर निदान एक संकेतांक तरी मिळतो. पूर्ण थिजलेलं यंत्र काहीही लिहून ठेवू शकत नाही, कारण लिहिणाराच थांबलेला असतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अशा वेळी ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी लाल नोंद सापडते आणि पुष्कळ जण ‘पॉवर’ शब्द वाचून नवा एसएमपीएस विकत आणतात. ती नोंद हँगच्या क्षणी झालेलीच नसते. यंत्र पुन्हा चालू होताना, मागच्या वेळी ते रीतसर बंद झालं नव्हतं, एवढंच विंडोज त्यात म्हणते. तुम्ही बटण दाबून धरलं म्हणून ती नोंद आली. जास्त मोलाची नोंद ‘व्हीआ लॉगर’ या नावाखाली असते. प्रोसेसरला स्वतःच्या हार्डवेअरमध्ये चूक दिसली तर ती तिथे उतरते. भाच्याच्या यंत्रात ते पान कोरं होतं.

वहीनं मात्र बोलायला सुरुवात केली. सगळे हँग कामाच्या वेळचे होते, नुसतं यंत्र चालू ठेवलं असतानाचे नव्हते. तेही ड्रॉइंग उघडल्याबरोबर नव्हे, बऱ्याच वेळानं, कॅबिनेट चांगलं तापल्यावर. दुकानात ते कधी का अडलं नाही हेही त्यातून कळलं: तिथे पंख्याखाली, मोकळ्या कॅबिनेटमध्ये, काहीही भार न देता ते चालत होतं.

कारण नसताना होतो असं वाटणाऱ्या हँगमागे विचित्र, पण अगदी काटेकोर अट निघाल्याची उदाहरणं जगात बरीच आहेत. ‘क्रुशल’च्या एम ४ या एसएसडीचं उदाहरण मला सगळ्यांत शिकवणारं वाटतं. एकूण ५,१८४ तास चालू राहिल्यावर ती प्रतिसाद देणं बंद करायची. यंत्र बंद करून चालू केलं की चालायची, आणि तासाभरानं परत थांबायची. दोष होता तिच्या आतल्या तास मोजणाऱ्या नोंदीत, आणि २०१२ च्या जानेवारीत आलेल्या नव्या फर्मवेअरनं तो गेला. ५,१८४ तास म्हणजे रात्रंदिवस चालणाऱ्या यंत्राला २१६ दिवस, आणि रोज आठ तास चालणाऱ्याला पावणेदोन वर्षांहून जास्त. दोन मित्रांनी एकाच दिवशी तीच वस्तू घेतली असती तरी एकाचा कॉम्प्युटर वर्षभर आधी बिघडला असता, आणि दोघांनीही आपापल्या घरातल्या विजेला दोष दिला असता.

इंटेलच्या ‘स्कायलेक’ प्रोसेसरमध्ये २०१६ साली असाच दोष निघाला. मोठमोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी लोक ‘प्राइम ९५’ नावाचा प्रोग्रॅम घरच्या यंत्रांवर चालवतात. काही यंत्रं त्यात मिनिटाभरातही थिजत, काही तासांनंतर. त्या मंडळींनी चिकाटीनं हुडकून एक ठराविक आकडेमोड काढली, जी चालवली की यंत्र हमखास अडायचं. हातात हमखास घडणारा दोष आल्यावर इंटेलनं तो मान्य केला आणि बायोसमधून दुरुस्ती पुरवली. ‘अधूनमधून हँग होतो’ एवढंच सांगत राहिले असते तर त्यांचं कोणी ऐकलं असतं असं मला वाटत नाही.

त्याहून जुनी गोष्ट १९७८ ची. मेमरी चिपांमधले बिट मधूनच उलटत होते, आणि तीच जागा परत तपासली तर ठणठणीत. इंटेलमधल्या टिमोथी मे आणि मरे वूड्स यांनी दाखवलं की चिपच्या सिरॅमिक आवरणात युरेनियम आणि थोरियमचे अत्यल्प अंश होते. त्यांतून निघणारे अल्फा कण चिपवर आदळून साठवलेला विद्युतभार पुसत होते. कारण इतकं अनपेक्षित होतं, तरी होतंच.

उलट दिशेनं फसवणारे दोषही असतात. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतल्या काही प्रोसेसरांवर खेळ कोसळताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश यायचा. लोकांनी ग्राफिक्स कार्डं बदलली. दोष प्रोसेसरचा होता. तो गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्यानं झिजत होता. २०२४ च्या ऑगस्टमध्ये इंटेलनं त्यावर मायक्रोकोड दिला आणि त्या प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढवली. झिजलेला प्रोसेसर मायक्रोकोडनं बरा होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो. म्हणून यंत्र नवं असो की वर्षाचं, बायोस अद्ययावत आहे का हे तपासणं पहिल्याच दिवसाचं काम आहे. फक्त बायोस चढवताना लाइट जाणार नाही याची सोय हवी. मधेच वीज गेली तर मदरबोर्ड अडकून बसू शकतो.

विजेचा विषय निघालाच आहे, तर तो संपवू. कोल्हापुरात पावसाळ्यात दिवे मिचकतात, आणि हँगचा पहिला आरोप विजेवर होतो. आजचा चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही चालवून घेतो, आणि त्याच्या कपॅसिटरमध्ये इतका साठा असतो की पुरा भार असतानाही वीज साधारण १६ मिलिसेकंद गेली तरी यंत्राला पत्ता लागू नये. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं, त्यावरून ही मुदत किती छोटी ते कळेल. ती उलटली की यंत्र बंद पडतं किंवा रीस्टार्ट होतं. थिजून उभं राहणं हे विजेच्या झटक्याचं नेहमीचं लक्षण नाही. घरच्या साध्या इन्व्हर्टरची चौकोनी लहर आजच्या काही एसएमपीएसना मानवत नाही, पण तेव्हाही लाइट गेल्या क्षणीच यंत्र धाडकन बंद होतं. वहीत लाइट गेल्याची वेळ लिहिलेली असली तर हा संशय एका नजरेत निकालात निघतो.

अर्थिंगकडे मात्र गांभीर्यानं बघावं. मंगळवार पेठेत, शुक्रवार पेठेत जुन्या घरांत अजून दोन पिनांची वायरिंग आहे. तिथे कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर गळतीची थोडी वीज अर्थकडे सोडतात. अर्थच नसेल तर ती पत्र्यावर थांबते, आणि मोकळा पत्रा जवळपास निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. पेन ड्राइव्ह लावताना ठिणगी उडून यंत्र अडल्याची उदाहरणं आमच्या दुरुस्तीकारांनी पाहिली आहेत. कोळसा-मिठाचा अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी घालायला हवं, हे घरातली जुनी माणसं जाणत होती. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात किती व्होल्ट दाखवतात हे इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. दोन-तीनच्या वर फार जाऊ नयेत. कॉम्प्युटरसाठी नसलं तरी घरातल्या माणसांसाठी हे करायला हवं. भाच्याच्या घरी अर्थिंग ठीक निघालं.

मग उरली रॅम. तिची मेमटेस्टनं रात्रभर तपासणी झाली, एकही चूक नाही. दोन स्टिका काढून चालवलं, हँग नाही. त्या घालून दुसऱ्या दोन काढल्या, हँग नाही. चारही घातल्या आणि कास्टिंगचं सिम्युलेशन लावून कॅबिनेट बंद केलं, तर दुपारच्या आत हँग. सगळ्या स्टिका चांगल्या होत्या. एकत्र मात्र त्या टिकत नव्हत्या.

याचं स्पष्टीकरण डब्यावरच्या आकड्यात आहे. त्या स्टिकांवर ‘६०००’ लिहिलेलं. हा वेग बायोसमध्ये ‘एक्स्पो’ नावाची सोय चालू केली की मिळतो (इंटेलकडे तिला ‘एक्सएमपी’ म्हणतात) आणि ती सोय म्हणजे ओव्हरक्लॉकिंगच. एएमडीनं ७००० मालिकेच्या या प्रोसेसरांना दोन स्टिका असताना ५२०० पर्यंतचा वेग मान्य केला आहे, आणि चार असताना फक्त ३६००. कारण एकाच वाटेवर दोन स्टिका बसल्या की प्रत्येक संकेताचा थोडा भाग दुसऱ्या खाचेवरून परत फिरतो आणि पुढच्या संकेतात मिसळतो. वेग जितका जास्त, तितका हा घोळ निस्तरायला वेळ कमी. त्यात उष्णता. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे कपॅसिटरमधला इवलासा विद्युतभार. तो सारखा गळतो, म्हणून डीडीआर ५ मध्ये दर ३२ मिलिसेकंदांत तो नव्यानं भरावा लागतो, आणि तापमान वाढलं की गळती वाढते. मेमटेस्ट चालताना ग्राफिक्स कार्ड निवांत असतं. सिम्युलेशन चालताना त्याची गरम हवा थेट रॅमवर जाते. रात्रीच्या गारव्यातली परीक्षा पास होऊन दुपारचं काम नापास का झालं, ते यावरून समजतं. डीडीआर ५ मध्ये चूक सुधारण्याची सोय आतच आहे, म्हणून ती चुकूच शकत नाही, असं दुकानात सांगतात. ती सोय चिपच्या आतल्या चुकांपुरती आहे. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या प्रवासात बिघडलेला बिट ती सुधारत नाही.

एक्स्पो बंद करून चारही स्टिका ३६०० वर चालवल्या. तेच सिम्युलेशन, तसंच बंद कॅबिनेट, हँग नाही. परत एक्स्पो चालू केलं, परत हँग. हे उलटसुलट करून बघणं भाच्याला आधी वेळेचा अपव्यय वाटलं होतं. पण एकदा बरं झालेलं यंत्र मुद्दाम परत बिघडवता आल्याशिवाय ते कशानं बरं झालं हे कळत नाही. रॅम काढून घालताना संपर्क साफ झाला म्हणूनही ते सुधारू शकतं. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमधल्या दमट हवेत हे नेहमी होतं, आणि रॅमच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवण्याची दुकानातली पद्धत त्यातूनच आलेली आहे. वापरायची तर खोडरबराचा चुरा खाचेत जाऊ देऊ नये.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सुमारे दहा लाख घरगुती कॉम्प्युटरांच्या नोंदी तपासून २०११ साली एक निबंध सादर केला होता. एकदा हार्डवेअरच्या दोषानं कोसळलेलं यंत्र पुन्हा कोसळण्याची शक्यता कितीतरी पटींनी जास्त, हा त्यांचा ठळक निष्कर्ष. ओव्हरक्लॉक केलेली यंत्रं जास्त कोसळत होती, आणि नामांकित कंपन्यांच्या यंत्रांपेक्षा जोडलेली यंत्रंही. ‘एकदाच झालं, सोडून दे’ हा सल्ला त्यामुळे मी मानत नाही. आणि आणखी एक मला जास्त महत्त्वाचं वाटतं: रॅम चुकत असताना यंत्र दर वेळी थिजतच नाही. कधी चुकीचा बिट गुपचूप फाइलमध्ये जातो. कास्टिंगच्या ड्रॉइंगमधलं एखादं माप, हिशेबातला आकडा, लग्नाच्या फोटोतली एक पट्टी. हँग दिसतो तरी. म्हणून अशा यंत्रावर तपास पुरा होईपर्यंत महत्त्वाचं काम करू नये, आणि आधीच्या फाइलींच्या प्रती दुसरीकडे ठेवाव्यात.

दुकानदाराशी पुढचं बोलणं सोपं झालं. आधी त्यानं प्रत्येक स्टिक सुटी तपासून ‘माल चांगला आहे’ म्हटलं होतं आणि ते खरंही होतं. भाच्यानं वही पुढे ठेवली, त्याच्यासमोर हँग करून दाखवला आणि बंदही करून दाखवला. चार स्टिका परत घेऊन त्यानं मोठ्या क्षमतेच्या दोन दिल्या, फरकाचे पैसे घेतले. दोन स्टिकांवर भाच्यानं एक्स्पो मुद्दाम चालू केलेलं नाही. कास्टिंगच्या कामात वेगाचा फरक त्याला जाणवत नाही, आणि रात्री सिम्युलेशन लावून निवांत झोपता येतं.

एक हलका हँग अजून आहे. ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालू असताना कधी तरी चित्र अडकतं. कॅप्स लॉकचा दिवा मात्र लागतो, आवाज चालू राहतो, आणि चार कळा एकत्र दाबल्या की पडदा मोकळा होतो. म्हणजे रॅम नव्हे, ग्राफिक्सचा ड्रायव्हर किंवा ब्राउझर. आधी त्यानं ग्राफिक्स कार्ड काढून प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर यंत्र चालवलं, तेव्हा ते झालं नाही. आता कार्ड परत बसवून ब्राउझरची हार्डवेअर ॲक्सेलरेशनची सोय तेवढी बंद केली आहे. दुसरं काहीही बदललेलं नाही. वहीत नवं पान घातलं आहे आणि अजून त्यावर पुरेशा नोंदी झालेल्या नाहीत.